विश्लेषण : मुंज नाकारली, तरी मस्तानीचा मुलगा पेशव्यांचा सरदार कसा झाला? पाबळ आणि पाटसशी या कथेचे नाते काय?

मस्तानी म्हटले की पुण्यात आधी आइस्क्रीमचा उंच ग्लास आठवतो आणि मग संजय लीला भन्साळी यांचा २०१५ चा चित्रपट. बाजीराव-मस्तानीची प्रेमकहाणी घराघरांत पोहोचली आहे. पण मस्तानी आईही होती, याची आठवण फारशी निघत नाही. तिचा मुलगा वडिलांकडून चित्पावन ब्राह्मण, आईकडून बुंदेला राजपूत आणि परंपरेनुसार आजीकडून मुस्लिम होता. अशा मुलाचे अठराव्या शतकातल्या पुण्यात काय झाले? शिरूर तालुक्यातील पाबळ आणि दौंड तालुक्यातील पाटस या दोन गावांतून जाणारी ही गोष्ट समजून घेऊ या.

पाबळचा आणि मस्तानीचा संबंध काय?

पुण्याहून नगर रस्त्याने शिक्रापूरला पोहोचले की तिथून उत्तरेकडे पाबळचा रस्ता फुटतो. हा भाग कमी पावसाचा. आजच्या पिढीला पाबळ माहीत आहे ते डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये सुरू केलेल्या विज्ञान आश्रमामुळे. पण गावाची जुनी ओळख मस्तानीची कबर ही आहे.

बाजीराव पेशव्यांनी मस्तानीला जी गावे इनाम दिली, त्यांत पाबळ, केंदूर आणि लोणी यांची नावे येतात. इनाम म्हणजे त्या गावच्या महसुलाचा हक्क. पेशव्यांच्या पुण्यात ज्या स्त्रीला पंगतीत जागा नव्हती, तिच्या नावावर ही गावे होती. १७४० मध्ये तिचा मृत्यू झाल्यावर पाबळलाच तिचे दफन झाले. भिंतींनी बंदिस्त केलेल्या आवारात ही साधी कबर आहे. कोणी तिला समाधी म्हणते, कोणी मजार. दोन्ही शब्द आजही वापरात आहेत.

मस्तानी कोण होती?

मस्तानी ही बुंदेलखंडचे महाराज छत्रसाल यांची मुलगी मानली जाते. परंपरेनुसार तिची आई मुस्लिम होती. छत्रसाल स्वतः महामती प्राणनाथांचे अनुयायी. प्राणनाथांच्या प्रणामी पंथात हिंदू आणि इस्लामी धर्मग्रंथांचा सार एकत्र सांगितला जातो. म्हणजे दोन धर्मांची सरमिसळ मस्तानीच्या बाबतीत पुण्यात आल्यावर झाली नाही, ती तिच्या माहेरातच होती. तिच्या जन्माबद्दल इतरही कथा आहेत. काही कथांत ती दरबारी नर्तकी ठरते, काहींत भेट म्हणून दिलेली दासी. पेशवेकालीन कागदांमध्ये मात्र तिचा उल्लेख मोजकाच येतो.

बाजीराव आणि छत्रसाल यांची गाठ एका युद्धामुळे पडली. अलाहाबादचा मुघल सुभेदार मुहम्मद खान बंगष याने बुंदेलखंडावर स्वारी केली होती. छत्रसालांचे वय तेव्हा ऐंशीच्या घरात होते. त्यांनी बाजीरावांकडे मदत मागितली. मार्च १७२९ मध्ये मराठी फौज बुंदेलखंडात पोहोचली आणि जैतपूरच्या संघर्षात बंगषाला माघार घ्यावी लागली. छत्रसालांनी बाजीरावांना मुलासारखे मानून राज्याचा सुमारे एक तृतीयांश वाटा त्यांच्या नावे केला. मराठ्यांना उत्तरेत पक्का पाय रोवायला मिळाला तो इथेच. डिसेंबर १७३१ मध्ये छत्रसालांचे निधन झाले.

पुण्याच्या कागदांत मस्तानीचे नाव पहिल्यांदा दिसते ते जानेवारी १७३० मध्ये, बाजीरावांचे थोरले चिरंजीव नानासाहेब यांच्या लग्नाच्या संदर्भात. लग्न ११ जानेवारीला झाले. त्याच्या आदल्याच दिवशी शनिवारवाड्याची पायाभरणी झाली होती. थोडक्यात, शनिवारवाडा उभा राहण्याच्या आधीपासून मस्तानी पेशव्यांच्या घराशी जोडलेली होती.

तिला विरोध कशामुळे झाला?

त्या काळातील राजे आणि सरदारांच्या घरात एकाहून अधिक बायका आणि नाटकशाळा असणे नवे नव्हते. नाटकशाळा म्हणजे लग्नाच्या बायकोचा दर्जा नसलेली, पण घरात ठेवलेली स्त्री. मस्तानीला तोच दर्जा दिला असता, तर वाद इतका वाढला नसता, असे बहुतेक अभ्यासकांचे मत आहे. पण बाजीरावांनी तिला त्या चौकटीत ठेवले नाही. शनिवारवाड्यात तिच्यासाठी स्वतंत्र महाल झाला. कोथरूडलाही तिचे निवासस्थान होते. त्याचे अवशेष आज पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात जतन केलेले आहेत. ती उत्तम घोडेस्वार होती आणि मोहिमांवर बाजीरावांच्या सोबत जात असे.

बाजीरावांच्या मातोश्री राधाबाई, बंधू चिमाजीअप्पा आणि पुढे नानासाहेब या तिघांचाही या संबंधाला विरोध होता. बाजीरावांच्या पत्नी काशीबाई चासच्या जोशी घराण्यातल्या. त्यांनी मस्तानीला उघड विरोध केल्याचे दिसत नाही. विरोधाची कारणे धर्माची होती, तशी राजकारणाचीही होती. पेशवे हे छत्रपती शाहू महाराजांचे प्रधान. पुण्यातील ब्रह्मवृंदाचा पाठिंबा त्यांच्या घराला हवा होता. पेशव्यांच्या घरातले कार्य करायला भटजींनी नकार दिला असता, तर ती गोष्ट घरापुरती राहिली नसती.

एकाच वर्षी जन्मलेल्या दोन मुलांत काय फरक पडला?

१७३४ मध्ये बाजीरावांना दोन मुलगे झाले. काशीबाईंच्या पोटी रघुनाथराव आणि मस्तानीच्या पोटी कृष्णराव. वडील एक आणि वयही जवळजवळ सारखेच.

ब्राह्मण घरात मुलाची मुंज ही त्याच्या ओळखीची पहिली पायरी असते. जानवे घातल्यावर मुलगा संध्या करू शकतो, सोवळ्यातल्या पंगतीला बसू शकतो, वडिलांचे श्राद्ध करू शकतो. कृष्णरावाचीही मुंज व्हावी, अशी बाजीरावांची इच्छा होती आणि ब्रह्मवृंदाने ती मान्य केली नाही, असे सांगितले जाते. धर्मशास्त्राच्या तेव्हाच्या समजुतीप्रमाणे मुलाचा वर्ण ठरवताना आईचे कूळही पाहिले जाई. पुढे हा मुलगा समशेर बहाद्दर या नावाने ओळखला गेला. त्याचे कृष्णराव हे नाव मागे पडले.

रघुनाथरावांची मुंज १७४० च्या सुरुवातीला पुण्यात झाली. चुलतभाऊ सदाशिवराव यांचे लग्नही त्याच सुमारास झाले. दोन्ही कार्यांना बाजीराव हजर नव्हते. त्याच दिवसांत मस्तानी पुण्यात कैदेत होती.

पाटसला काय घडले?

मस्तानीला बाजीरावांपासून वेगळे करण्याचे प्रयत्न १७३९ मध्ये वाढले. पुण्यात तिच्यावर पहारा बसला. घरातील ताणामुळे बाजीराव पुणे सोडून आताच्या दौंड तालुक्यातील पाटसला मुक्कामी गेले. पाटस आज सोलापूर महामार्गावरचे गाव म्हणून आणि भीमा सहकारी साखर कारखान्यामुळे माहीत आहे. तेव्हा ते पुण्याहून पूर्वेकडे निघालेल्या लष्कराच्या वाटेवरचे ठिकाण होते.

नोव्हेंबर १७३९ मध्ये मस्तानी पहाऱ्यातून निसटली आणि पाटसला बाजीरावांना जाऊन मिळाली. मुलगा तेव्हा पाच वर्षांचा होता. ही बातमी पुण्यात पोहोचताच पुरंदरे, मजुमदार यांच्यासारखी वजनदार मंडळी पाटसला आली. बाजीरावांची समजूत घालण्यात आली आणि मस्तानीला पुन्हा पुण्याला पाठवण्यात आले. निजामाचा मुलगा नासिरजंग याच्याशी युद्ध तोंडावर होते. राज्याच्या पहिल्या सेनापतीचे चित्त घरच्या भांडणात अडकून चालणार नव्हते, हाही त्यामागचा हिशेब होता.

बाजीराव मोहिमेवर गेले. जानेवारी १७४० च्या अखेरीस नानासाहेबांनी मस्तानीला कैदेत टाकले. नानासाहेब तेव्हा ऐन विशीतले होते. फेब्रुवारीत नासिरजंगाशी तह झाला. हंडिया आणि खरगोण हा मुलूख बाजीरावांना मिळाला. त्याची व्यवस्था लावण्यासाठी ते नर्मदेकडे गेले आणि तिथेच आजारी पडले. २८ एप्रिल १७४० रोजी रावेरखेडी येथे त्यांचे निधन झाले. वय अवघे ३९. काशीबाई त्या वेळी तिथे होत्या. मस्तानी नव्हती.

त्यानंतर काही काळातच मस्तानीचाही मृत्यू झाला. तिने हिरकणी गिळली, विष घेतले, ती सती गेली, अशा अनेक कहाण्या आहेत. त्यांतली एकही समकालीन कागदाने सिद्ध होत नाही. पाबळला कबर आहे, म्हणजे सतीची कथा तर तिथेच गळून पडते. पक्की गोष्ट एवढीच की, वर्षभराच्या आत सहा वर्षांच्या मुलाचे आई आणि वडील दोघेही गेले. डिसेंबर १७४० मध्ये काका चिमाजीअप्पाही वारले.

आईनंतर मुलाला कोणी वाढवले?

कथेतला हा भाग चित्रपटांत येत नाही, पण सर्वांत महत्त्वाचा आहे. आईला ज्या घराने कैदेत टाकले, त्याच घराने मुलाला सांभाळले. काशीबाईंनी त्याला आपल्या मुलांबरोबर वाढवले, अशी परंपरा आहे. त्या १७५८ पर्यंत हयात होत्या, म्हणजे समशेर बहाद्दर २४ वर्षांचा होईपर्यंत. नानासाहेब पेशवे झाले होते. मस्तानीला कैद करणारे तेच आणि सावत्र भावाच्या शिक्षणाची, शस्त्रविद्येची सोय होऊ देणारेही तेच.

समशेर बहाद्दर पेशव्यांच्या घरातल्या इतर मुलांसारखाच तयार झाला. घोडा, तलवार, भाला, हिशेब, कागदपत्र हे सगळे तो शिकला. धर्माने तो मुस्लिम म्हणून वाढला. त्याची लग्ने झाली, संसार झाला. १७५८ मध्ये त्याला मुलगा झाला. त्याचे नाव अली बहाद्दर, आणि कृष्णसिंह हे दुसरे नावही त्याला होते. आजोबांनी नातवाच्या बापासाठी निवडलेले कृष्ण हे नाव एका पिढीनंतर असे परत आले.

मुंज नाही, मग काय मिळाले?

समशेर बहाद्दरला तीन गोष्टी मिळाल्या.

पहिली गोष्ट म्हणजे आजोळ. छत्रसालांनी दिलेला बुंदेलखंडाचा वाटा बाजीरावांचा होता. त्यातला बांदा-काल्पीकडचा हिस्सा समशेर बहाद्दरसाठी राखला गेला, असे सांगितले जाते. हा मुलूख पेशव्यांचा होता, पण मुळात तो त्याच्या आईच्या माहेरचा होता. त्यामुळे तिथे तो कोणाच्या दयेवरचा ठरत नव्हता. वडिलांच्या घरात ज्याच्या हक्कावर प्रश्नचिन्ह होते, त्याला आजोळच्या जमिनीवर हक्काने उभे राहता येत होते.

दुसरी गोष्ट म्हणजे काम. मराठी फौजेत तो नावापुरता सरदार नव्हता. रघुनाथरावांच्या उत्तरेकडील मोहिमांत तो होता. मराठी फौजा १७५८ मध्ये पंजाबात लाहोरपर्यंत गेल्या, त्या काळात हा सावत्र भाऊ रघुनाथरावांच्या सरदारांपैकी एक होता. एकाची मुंज झाली आणि दुसऱ्याची झाली नाही. छावणीत मात्र दोघांचे तंबू एकाच सैन्यात होते.

तिसरी गोष्ट म्हणजे ओळख. तो मस्तानीचा मुलगा होता, हे कोणी लपवले नाही. त्याचे नाव, धर्म आणि आजोळ हे सगळे उघड होते. मिश्र वंशाच्या मुलाला आईची बाजू दडवून वडिलांच्या बाजूत मिसळून जायला लावणे हा एक मार्ग असतो. इथे तसे झाले नाही. मुंज नाकारल्यामुळे तसे होऊ शकलेही नाही.

याची एक कडू बाजू आहे. मुंज नाही, म्हणून पेशवेपदावर हक्क नाही. जो गादीचा वाटेकरी नाही, त्याच्या हाती फौज द्यायला नानासाहेबांना धोका वाटण्याचे कारण नव्हते. घरातली खरी भाऊबंदकी पुढे पेटली ती मुंज झालेल्या रघुनाथरावांमुळे. पुतणे माधवराव यांच्याशी त्यांचे वैर झाले आणि १७७३ मध्ये नारायणराव पेशव्यांचा शनिवारवाड्यात खून झाला, तेव्हा संशयाचे बोट रघुनाथरावांकडेच गेले. म्हणून समशेर बहाद्दरला मिळालेल्या प्रेमात राजकारणाचा भाग नव्हता, असे म्हणता येणार नाही. पण ते सगळेच राजकारण होते, असेही पुढच्या घटना पाहून म्हणता येत नाही.

पानिपतावर काय झाले?

१७६० मध्ये सदाशिवराव भाऊ आणि नानासाहेबांचे चिरंजीव विश्वासराव अब्दालीविरुद्ध उत्तरेकडे निघाले. समशेर बहाद्दर त्यांच्यासोबत होता. अहमदशाह अब्दालीने ही लढाई इस्लामच्या नावाने उभी केली होती. रोहिल्यांचा नजीबखान आणि अवधचा नवाब शुजाउद्दौला त्याला जाऊन मिळाले होते. पण मराठ्यांच्या बाजूलाही मुस्लिम होते. गारद्यांचा तोफखाना इब्राहिमखान गारद्याकडे होता आणि पेशव्यांच्या घरचा समशेर बहाद्दर होता.

१४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर मराठ्यांचा पराभव झाला. विश्वासराव आणि भाऊ रणात पडले. समशेर बहाद्दर जबर जखमी होऊन निसटला. भरतपूरच्या राजा सूरजमल जाटाने पराभूत मराठ्यांना आसरा दिला. त्याच्याच मुलखात समशेर बहाद्दरचा मृत्यू झाला. वय अवघे २७. त्याची कबर भरतपूरकडे आहे. आई पाबळला, वडील रावेरखेडीला आणि मुलगा भरतपूरकडे, असे तिघेही तीन ठिकाणी विसावले. पुण्यात तिघांपैकी कोणीच नाही.

पुढच्या पिढ्यांचे काय झाले?

वडील गेले तेव्हा अली बहाद्दर दोन-तीन वर्षांचा होता. म्हणजे या घरात सलग दुसऱ्या पिढीत पोरके मूल राहिले. तोही पुण्यातच, पेशव्यांच्या आश्रयाने वाढला. १७८७-८८ च्या सुमारास नाना फडणीसांनी त्याला फौज देऊन उत्तरेत महादजी शिंदे यांच्याकडे पाठवले.

ही गाठ मोठी लक्षवेधी आहे. महादजी हे राणोजी शिंद्यांचे पुत्र. त्यांच्या मातोश्री राजपूत होत्या आणि त्या लग्नाच्या बायको नसल्याने पानिपतानंतर महादजींना शिंद्यांची सरदारी मिळवायला काही वर्षे झगडावे लागले होते. अशा दोघांची उत्तरेत गाठ पडली, पण सूर काही जुळले नाहीत. महादजींवर उलटलेला हिंमतबहाद्दर गोसावी अली बहाद्दरच्या आश्रयाला गेला आणि वाद वाढला. पुढे याच हिंमतबहाद्दरच्या मदतीने अली बहाद्दरने बुंदेलखंडात मुलूख जिंकला आणि बांद्याला आपले ठाणे केले. १८०२ मध्ये कालिंजरच्या वेढ्यात तो वारला.

बांद्याच्या नवाबांचे घराणे असे सुरू झाले. पुढे इंग्रजांनी मुलूख घेऊन या घराण्याला पेन्शन दिली. १८५७ मध्ये बांद्याचा नवाब दुसरा अली बहाद्दर इंग्रजांविरुद्ध उठला आणि झाशीच्या राणी लक्ष्मीबाई, तात्या टोपे, रावसाहेब पेशवे यांच्या बाजूने लढला. उठाव फसल्यावर इंग्रजांनी बांदा काढून घेतले आणि त्याला इंदूरला पाठवले. बाजीरावांनंतर ११७ वर्षांनी पेशव्यांच्या दोन्ही शाखा, जानवे घालणारी आणि न घालणारी, पुन्हा एकाच बाजूने उभ्या राहिल्या होत्या.

त्या काळी इतरत्र काय होत होते?

मिश्र वंशाच्या मुलांचा प्रश्न पुण्यापुरता नव्हता. दख्खनमध्ये आफ्रिकेतून आलेल्या हबशी सरदारांची परंपरा मलिक अंबरपासून होती. जंजिऱ्याचे सिद्दी त्याच परंपरेतले. ईस्ट इंडिया कंपनीच्या अधिकाऱ्यांनाही भारतीय स्त्रियांपासून मुले होत होती. १७९१ मध्ये कंपनीने नियमच केला की, ज्याचे आई किंवा वडील भारतीय आहेत, त्याला कंपनीच्या मुलकी आणि लष्करी सेवेत अधिकाऱ्याची जागा मिळणार नाही.

त्याचा फटका बसलेले प्रसिद्ध नाव जेम्स स्किनर. वडील स्कॉटिश, आई राजपूत. कंपनीचे दार बंद असल्याने तो शिंद्यांच्या फौजेत गेला आणि तिथे नाव कमावले. पुढे इंग्रजांना त्याची गरज पडली आणि त्याच्या नावाचे घोडदळ उभे राहिले. ज्या वर्षी कंपनीने असा नियम केला, त्या वर्षी मस्तानीचा नातू पेशव्यांची फौज घेऊन बुंदेलखंडात लढत होता. मराठ्यांचे घर समतेचे होते, असा याचा अर्थ नाही. मुंज नाकारणारे घर तेच होते. पण धर्मकार्यातला दरवाजा बंद असताना कर्तबगारीचा दरवाजा त्यांनी उघडा ठेवला, एवढा फरक दिसतो.

आज हा प्रश्न का महत्त्वाचा?

शिरूर आणि दौंड हे तालुके आज पूर्वीसारखे राहिलेले नाहीत. रांजणगाव आणि कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतींमुळे अनेक राज्यांतील कुटुंबे इथे स्थिरावली आहेत. दौंड हे रेल्वेचे जुने जंक्शन असल्याने तिथे अनेक भाषांची वर्दळ आहेच. आंतरजातीय, आंतरधर्मीय, आंतरराज्यीय लग्ने होतात आणि त्यांची मुले शाळेत जातात. शाळेचा अर्ज भरताना जात, धर्म, मातृभाषा हे रकाने समोर येतात, तेव्हा पालक थोडे थांबतात.

कायद्याने यातले काही प्रश्न सोडवले आहेत. १९५४ च्या विशेष विवाह कायद्याने धर्म न बदलता लग्न करता येते आणि त्या लग्नाची मुले सर्व अर्थाने औरस असतात. मिश्र जातीच्या लग्नातील मुलाची जात आपोआप वडिलांचीच धरली जावी का, यावर सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये गुजरातच्या एका प्रकरणात निकाल दिला. मूल कोणत्या परिस्थितीत वाढले, त्याने काय सोसले, हे पुराव्याने तपासावे, असे न्यायालयाचे म्हणणे होते. मूल आईच्या समाजात वाढले असेल, तर ते सिद्ध करण्याची संधी त्याला मिळते.

महाराष्ट्र सरकारने २०२४ मध्ये आणखी एक बदल केला. १ मे २०२४ रोजी आणि त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या शासकीय कागदपत्रांत मुलाचे नाव, मग आईचे नाव, मग वडिलांचे नाव आणि आडनाव असा क्रम सक्तीचा झाला. आईचे नाव आता कंसात किंवा वेगळ्या रकान्यात नाही, मुलाच्या नावातच आहे.

मग मस्तानीच्या आयुष्यातून काय दिसते?

मस्तानीला मुलाजवळ जेमतेम सहा वर्षे मिळाली. त्यातलाही शेवटचा काळ पहाऱ्यात आणि कैदेत गेला. तिने मुलाला काय शिकवले, कोणत्या भाषेत अंगाई म्हटली, याचा एकही कागद नाही. तिच्यावर लिहिलेल्या कादंबऱ्या आणि चित्रपटांनी, त्यांत ना. सं. इनामदारांची 'राऊ' ही सर्वांत गाजलेली, ती जागा कल्पनेने भरली. पण मुलगा पुढे कसा जगला, याचे कागद आहेत. त्यातून दिसते ते इतकेच की, ज्या मुलाला एक मोठी ओळख नाकारली जाते, त्याला दुसरे काही ठोस हाती लागले तर तो मान खाली घालून जगत नाही. इथे त्याला घर मिळाले, शिक्षण मिळाले, बरोबरीचे काम मिळाले आणि आईच्या बाजूची हक्काची जमीन मिळाली.

यात किंमत मोजली ती आईने. मुलाला घराने घेतले, पण आईला नाही. आज अशी लग्ने झालेल्या अनेक घरांत हाच पेच वेगळ्या रूपात दिसतो. नातवंडाला कडेवर घेतले जाते, सुनेशी मात्र अबोला असतो. मुलाला मोठेपणी हे कळते आणि ते त्याच्या मनात राहते.

शनिवारवाड्याला पाच दरवाजे आहेत. पर्यटक दिल्ली दरवाजातून आत जातात. उत्तरेच्या बाजूला एक दरवाजा आहे. त्याला मस्तानी दरवाजा म्हणतात. याच दरवाजाला अली बहाद्दर दरवाजा असेही नाव आहे. आजी आणि नातू यांची एकमेकांशी कधी भेट झाली नाही. पेशव्यांच्या वाड्यात मात्र दोघांची नावे एकाच दरवाजावर आहेत.